रोमचा तट शाबूत होता, तरी लूट झालीच कशी?

सन ८४६ च्या ऑगस्टमधे अरब धाडखोरांची जहाजं टायबर नदीच्या मुखाशी लागली आणि थोड्याच दिवसात सेंट पीटर आणि सेंट पॉल ही रोमची दोन सगळ्यात मोठी चर्चेस लुटली गेली, सेंट पीटरची वेदीसुद्धा सोडली नाही. वाचताना वाटतं रोमचा तट फोडला असणार, पण तट जागच्या जागी होता, शत्रू त्याच्या आत आलाच नाही!

कारण शोधायला खूप मागे जावं लागतं. जुन्या रोमन कायद्याने मढं शहराच्या हद्दीत पुरायचं नाही, आपल्याकडे मसणवटा वेशीबाहेर असतो ना तसंच, त्यामुळे पीटर आणि पॉल या संतांच्या कबरी बाहेर, कबरींवर चर्च बांधली तीही बाहेर, आणि भक्तांनी शेकडो वर्षं वाहिलेलं सोनं-चांदीही बाहेरच. सम्राट ऑरेलियनने २७१ पासून सुमारे १९ किमीचा तट उभारला तेव्हा सेंट पीटरच्या व्हॅटिकन टेकडीवर राखण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे त्याचंही चुकलं असं मला वाटत नाही.

८४७ मधे लिओ चौथा पोप झाला आणि पुढच्याच वर्षी सेंट पीटरभोवती नवा तट बांधायच्या कामाला लागला. सम्राट लोथारने पैसा दिला, गावं आणि चर्चच्या शेतवाड्या यांना तटाचा एकेक तुकडा वाटून दिला. कुणी कुठला भाग बांधला हे सांगणारे शिलालेख अजून आहेत, मला तर पोपच्या नावापेक्षा ते जास्त मोलाचे वाटतात. ८४९ मधे टायबरच्या मुखाशी, ओस्तियाजवळ परत अरबांचं आरमार आलं, नेपल्स, अमाल्फी आणि गाएताची जहाजं त्याला भिडली, त्यातच वादळ उठलं आणि अरबांची जहाजं फुटली, जे कैदी सापडले त्यातले कितीतरी याच तटाच्या कामावर जुंपले.

८५२ मधे तट पुरा झाला, सुमारे ३ किमी लांब, ४४ बुरूज, सेंट पीटरला घोड्याच्या नालेसारखा वळसा घालून दोन्ही टोकं नदीला भिडलेली. पण लिओ तेवढ्यावर थांबला नाही, धोका पाण्यातून येतो हे त्याने बरोबर ओळखलं होतं, म्हणून खालच्या अंगाला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर बुरूज बांधले, मधे साखळी ओढली की जहाज वर येऊच शकत नाही.

पुढे १५२७ मधे रोम लुटलं ते सम्राट चार्ल्स पाचव्याच्या, म्हणजे ख्रिस्ती राजाच्याच फौजेने, आणि पोप क्लेमेंट सातवा याच तटावर बांधलेल्या वाटेने पळत सांत-अँजेलो किल्ल्यात पोचला, म्हणून वाचला.