कुठवर आलो होतो?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारा कारागीर, व्हीएमसीसमोर, म्हणजे भरलेल्या आकड्यांनुसार धातू कापणाऱ्या मशीनसमोर उभा आहे. नवा जॉब (कापायचा भाग) लावलाय, बारा टूल आहेत आणि तो एकेका टूलचा ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाचा फरक सांगणारा आकडा, मशीनमध्ये भरतोय. सातव्या टूलवर मागून आवाज येतो, ‘दादा, कालचा लॉट गेला का?’ तो मान न वळवता ‘गेला’ म्हणतो आणि पुन्हा आकडे टाकायला लागतो. सातव्याचा आकडा आठव्याच्या ओळीत जातो. किंवा वजा 0.12 च्या जागी वजा 1.2 पडतं आणि टूल जॉबमध्ये मिलिमीटरभर जास्त खोल घुसतं. मग सुपरवायझरचा ठरलेला प्रश्न येतो, ‘लक्ष कुठे होतं?’

खरं तर लक्ष फार लांब गेलंच नव्हतं. 2014 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या एरिक ऑल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रकार मोजून पाहिला. सुमारे 300 जणांना त्यांनी संगणकावर ठरावीक क्रमाने करायचं एक काम दिलं. मधूनच पडद्यावर काही अक्षरं येत. ती टाइप करायची आणि मूळ कामावर परतायचं. हा अडथळा सरासरी 2.8 सेकंदांचा होता, तेव्हा क्रम चुकण्याचं प्रमाण दुप्पट झालं. 4.4 सेकंदांच्या अडथळ्याला ते तिप्पट झालं. पायरी कशी करायची हे कुणी विसरलं नव्हतं. आपण कितव्या पायरीवर होतो, तेवढं निसटलं होतं.

ते निसटतं याचं कारण ते बहुतेक वेळा कुठे लिहिलेलंच नसतं. चालू कामापुरती जी स्मृती आपण वापरतो, तिची जागा फारच तोकडी आहे. नेल्सन कोवान या मानसशास्त्रज्ञाने 2001 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार तिच्यात एका वेळी जेमतेम चार गोष्टी राहतात. ‘सातवं टूल झालं, आठवं घ्यायचंय’ ही त्यांतलीच एक. ‘कालचा लॉट’ आत आला की कुणाला तरी बाहेर पडावं लागतं.

वर्कशॉपमध्ये एक टूल मोडतं, एखादा जॉब रिजेक्ट होतो. रुग्णालयात किंमत वेगळी असते. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत 98 परिचारिका औषधं देत असताना संशोधकांनी त्यांचं निरीक्षण केलं. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रत्येक अडथळ्यामागे चुकांचं प्रमाण साधारण 12 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. विमानवाहतुकीने हा धडा आधीच घेतला होता. अमेरिकेत 1981 पासून विमान 10,000 फुटांच्या खाली असताना कॉकपिटमध्ये उड्डाणाशी संबंध नसलेल्या गप्पांना बंदी आहे. ऑफसेट भरताना सेटरशी कुणी बोलायचं नाही, असा नियम आपल्या किती शॉपमध्ये आहे?

टेबलावरच्या कामात हाच प्रकार जरा लांबट होतो. जीएसटी रिटर्नच्या 20 तारखेच्या आधी गंगापूर रोडवरच्या एखाद्या सीएच्या ऑफिसात डोकावा. एका पार्टीचं बँकेचं खातं टॅलीशी जुळवणं अर्धं झालेलं असतं, तेवढ्यात दुसऱ्या पार्टीचा फोन येतो. हात नवीन फाइल उघडतात, पण मनाचा एक कोपरा न जुळलेल्या रकमेतच अडकून राहतो. संशोधक सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये प्रयोगातून दाखवलं, की आधीचं काम अर्धवट सोडून आलेली माणसं पुढच्या कामात कमी पडतात, कारण लक्षाचा काही भाग मागेच रेंगाळतो.

याच लेरॉय आणि थेरेसा ग्लॉम्ब यांनी 2018 मध्ये यावर एक उपाय तपासला आणि मला तो या सगळ्या संशोधनातला सर्वांत उपयोगी वाटतो. काम सोडण्याआधी क्षणभर थांबायचं आणि दोन गोष्टी लिहायच्या: कुठवर आलो, आणि परतल्यावर पहिलं काय करायचं. ‘मार्च जुळला, एप्रिलमध्ये एक एन्ट्री दोनदा, ती बघणे.’ ज्यांनी असं केलं त्यांचं मन मधल्या कामात जास्त चांगलं लागलं. सेटरसाठी हेच काम मशीनला चिकटवलेल्या टूल-यादीवरची पेन्सिलची टिकमार्क करते.

समाजमाध्यमांवर एक आकडा नेहमी फिरतो, की एका अडथळ्यानंतर कामावर परतायला 23 मिनिटं लागतात. हा आकडा कामातल्या लक्षाचा अभ्यास करणाऱ्या संशोधक ग्लोरिया मार्क यांच्या निरीक्षणांतून आला, पण तो अर्धवट सांगितला जातो. त्या 23 मिनिटांत माणसं डोकं धरून बसलेली नव्हती. मध्ये ती दुसरी कामं उरकत होती. मार्क यांचंच दुसरं निरीक्षण मात्र टोचणारं आहे. जवळजवळ निम्मे अडथळे आपले आपणच आणतो. कुणी हाक मारत नाही, फोन वाजत नाही, तरी हात व्हॉट्सअ‍ॅपकडे जातो. 2004 च्या सुमाराला माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा. अलीकडच्या मोजणीत ते 47 सेकंदांवर आलंय.

आवाजाचं गणितही वाटतं तसं नाही. कंप्रेसरच्या एकसुरी घरघरीपेक्षा शेजारच्या टेबलावरची फोनवरची बोलणी जास्त त्रास देतात. 2010 च्या एका प्रयोगात दोन्ही बाजूंचं संभाषण ऐकणाऱ्यांपेक्षा एकच बाजू ऐकणाऱ्यांचं काम जास्त बिघडलं. पलीकडचा काय म्हणाला असेल, हे मेंदू आपणहून भरत बसतो.

पण अडथळा नेहमीच शत्रू असतो असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारवर तासन्‌तास नजर ठेवणाऱ्यांच्या हातून खुणा का सुटतात, हे शोधायला मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी ब्रिटनमध्ये लोकांना घड्याळासारख्या सरकणाऱ्या एका काट्यासमोर दोन तास बसवलं. काटा अधूनमधून दुप्पट उडी मारायचा, ती टिपायची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच नजर ढिली पडली. मध्ये अर्धा तास विश्रांती दिली की ती पुन्हा सुधारायची. मध्येच फोन करून ‘आणखी नीट बघा’ असं सांगितलं तरीही काही वेळ सुधारायची! दिंडोरीच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षांचे घड निवडणाऱ्या बायकांचं किंवा गेज (माप तपासायचं साधन) लावून जॉब तपासणाऱ्या इन्स्पेक्टरचं काम याच जातीचं आहे. इथे क्रम तुटण्याची भीती नसते, मन विझण्याची असते. त्यांना जागा बदलून दिली, मध्ये चहा दिला तर काम सुधारायचीच शक्यता जास्त. सेटर आणि इन्स्पेक्टर या दोघांना एकच नियम लावणारा मालक एकाचं तरी नुकसान करतो.

मग फोन बंदच करावा का? 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 237 जणांच्या फोनवरच्या सूचना (नोटिफिकेशन) वेगवेगळ्या तऱ्हेने अडवून पाहिल्या. ज्यांना त्या दिवसातून तीन ठरलेल्या वेळी सगळ्या एकत्र मिळाल्या, त्यांचं लक्ष आणि मनःस्थिती दोन्ही सुधारली. ज्यांच्या सूचना पूर्ण बंद केल्या, त्यांना हा फायदा फारसा झाला नाही, उलट आपलं काही हुकतंय ही धास्ती वाढली. द्राक्षांच्या सीझनमध्ये तर पॅकहाउसवाल्याला फोन बंद ठेवणं परवडतही नाही. त्याने कंटेनरच्या ड्रायव्हरचे आणि खरेदीदाराचे नंबर तेवढे वाजते ठेवावेत आणि बाकीचं जग जेवणाच्या सुट्टीत बघावं. फोनच्या ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये ही सोय असते, ती लावून घ्यायला पाच मिनिटं पुरतात.