दोन सेकंदांची पाटी

जूनमध्ये बेळगावात पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, प्रवेशाच्या रांगेत एक वाक्य दरवर्षी कानावर पडतं. "मराठी मीडियमची पोरं, सायन्स झेपायचं नाही." खानापूर, येळ्ळूर, उचगावकडून आलेली ही मुलं एसएसएलसीला (दहावीला) गणितात चांगले मार्क घेऊन आलेली असतात. पहिल्या चाचणीत त्यांतलीच बरीच गळपटतात, मग ते वाक्य सगळ्यांना खरं वाटू लागतं. मी भौतिकशास्त्र शिकवतो, आणि मला ते साफ चुकीचं वाटतं.

गेल्या वर्षीचा एक तास सांगतो. फळ्यावर इंग्रजीतून गणित होतं : पाच किलोचा ब्लॉक, फ्रिक्शनलेस इन्क्लाइन्ड प्लेन, कोन ३० अंश, ॲक्सिलरेशन काढा. तिसऱ्या बाकावरची मुलगी ओठांत पुटपुटत होती, "फ्रिक्शन म्हणजे घर्षण… इन्क्लाइन्ड म्हणजे…" आणि वहीचं पान कोरंच. मी जवळ जाऊन म्हटलं, "गुळगुळीत उतारावरून ठोकळा घसरतोय, उतार तीस अंशांचा. त्वरण किती?" ती लगेच म्हणाली, "९.८ गुणिले अर्धा, ४.९. पण सर, पाच किलोचं इथं कामच नाही की!"

वस्तुमानाचं काम नाही हे जिला दिसलं, तिचा पाया कच्चा कसा म्हणायचा?

अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीचं प्रारूप मांडलं. विचार करताना लागणारा मजकूर तेवढ्यापुरता जिथे धरून ठेवतो, ती ही पाटी. तिच्या एका भागात आपण शब्द मनातल्या मनात घोळवत ठेवतो. १९७५ च्या प्रयोगांत दिसलं, की साधारण दोन सेकंदांत जेवढं उच्चारता येतं तेवढंच तिथे टिकतं. म्हणजे मर्यादा शब्दांच्या संख्येपेक्षा उच्चाराच्या वेळेची जास्त. वेल्समधल्या द्विभाषिकांना वेल्श आकडे उच्चारायला इंग्रजीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि वेल्शमध्ये त्यांच्या लक्षातही कमी आकडे राहतात, असं १९८० मध्ये आढळलं. घरी करून पाहा. मोबाइल नंबर मराठीत सांगितला तर एका दमात लिहिता येतो. तोच बाजारात कुणी "ओंबत्तु, एंटु, एळु" असा सांगितला, की आमची मराठी मुलं चौथ्या आकड्याला "परत सांगा" म्हणतात. कन्नड माध्यमातल्या मुलांची इंग्रजी तासाला हीच गत होते.

अनोळखी शब्द सावकाश उच्चारला जातो, शिवाय त्याचं भाषांतर त्याच पाटीवर चालतं. 'इन्क्लाइन्ड'चा अर्थ सापडेपर्यंत तीस अंश पुसून गेलेले असतात. बुद्धी तीच, तिला जागाच उरत नाही. मेंदू 'जागा' करून देतो म्हणणाऱ्या 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या वर्गांनी ही जागा वाढत नाही. तिथे डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारं मूल नाकाकडच्या फटीतून पाहत असतं, आणि त्यासाठी पालक हजारो रुपये मोजतात याचं मला फार वाईट वाटतं.

मग कॉलेजांनी काय करावं? कच्च्या मुलांना आधी वेगळ्या वर्गात बसवायचं, हा जुना उपाय. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांत) त्या पूर्वतयारीच्या साखळीतच मुलं गळत होती. म्हणून २०१७ च्या कायद्याने बहुतेकांना थेट मुख्य अभ्यासक्रमात घेऊन, गरज असेल तिथे सोबत जादा मदत द्यायचं ठरलं. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये 'असॅप' योजना काढली. तिच्यात कायम सोबत राहणारा सल्लागार, पुस्तकांना मदत आणि प्रवासाचा पास मिळतो. पूर्वतयारीची गरज असलेल्या मुलांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून पाहिलं, तर दोन वर्षांची असोसिएट पदवी तीन वर्षांत घेणारे ४० टक्के निघाले, योजनेबाहेरच्या गटात २२. जांबोटीहून सकाळची एसटी धरणाऱ्या मुलाला पासचं महत्त्व सांगावं लागत नाही.

आपल्याकडचा जूनमधला पंधरा दिवसांचा ब्रिज कोर्स म्हणूनच मला अपुरा वाटतो. शब्द वर्षभर पुन्हा पुन्हा आठवावे लागतात. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा दुसऱ्यांदा वाचणाऱ्यांना आठवड्याने ४२ टक्के आठवला, आणि न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. माझ्या तासाची पहिली दहा मिनिटं आता पाच शब्दांची असतात. मोठ्याने म्हणायचे, वही मिटून लिहायचे, पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा. पहिल्या चाचणीत इंग्रजी शब्दांशेजारी मराठी आणि कन्नड प्रतिशब्द छापावेत, असा प्रस्तावही मी विभागात दिला आहे. पुढच्या बैठकीत त्यावर बोलायचं आहे.