फार्मसीचे विद्यार्थी आणि आंतरव्यावसायिक शिक्षण (नागपूर)

डॉक्टर, नर्स, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट होऊ पाहणाऱ्यांबरोबर शिकावे आणि पुढे त्यांच्या बरोबरीने काम करावे, याकडे फार्मसीचे विद्यार्थी कसे पाहतात, हा या नोंदीचा विषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या व्याख्येप्रमाणे दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांबरोबर शिकतात, तेव्हा ते आंतरव्यावसायिक शिक्षण ठरते. एका सभागृहात शेजारी बसून व्याख्यान ऐकले, एवढ्याने ते होत नाही.

नागपुरात अडचण सुरू होते ती वेळापत्रकापासून. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९४७, लोकांच्या तोंडी ‘मेडिकल’) आणि इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (‘मेयो’) नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. फार्मसीची पदवी त्या विद्यापीठाकडे नाही, आणि डी. फार्म. या पदविकेची परीक्षा तंत्रशिक्षण मंडळ घेते. प्रवेश परीक्षाही वेगळ्या: एकीकडे नीट, दुसरीकडे एमएचटी-सीईटी. परीक्षा, सुट्ट्या, इंटर्नशिप काहीच जुळत नाही, त्यामुळे सगळ्यांना मोकळी अशी एक दुपार शोधणे हेच पहिले काम असते.

घरूनही कल ठरत असतो. फार्मसीला प्रवेश घेतला की नातेवाईक विचारतात, “मग मेडिकल टाकणार का?” म्हणजे दुकान. वॉर्डात फार्मासिस्टचे काय काम, हे ज्याने कधी पाहिलेच नाही, तो प्रश्नावलीत ‘सहकार्य महत्त्वाचे’ यावर खूण करतो, पण राउंडला भिंतीला टेकून उभा राहतो. २००८ मध्ये देशात सुरू झालेल्या फार्म. डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) अभ्यासक्रमात सहावे वर्ष इंटर्नशिपचे असते. त्यातले सहा महिने सामान्य वैद्यक विभागात आणि प्रत्येकी दोन महिने अन्य तीन विभागांत जातात. ही संधी बी. फार्म. या पदवीला नाही.

एकत्र शिकायला विदर्भात सर्वांत उपयोगी पडणारी केस सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची. समजा, मुलाचे वजन १८ किलो आहे आणि त्यावरचे हायड्रॉक्सियुरिया हे औषध दर किलोला रोज १० मिलिग्रॅमने सुरू करायचे आहे, म्हणजे १८० मिलिग्रॅम. हाताशी आहे ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. वैद्यकाचा विद्यार्थी मात्रा सांगून थांबतो. इथे फार्मसीच्या विद्यार्थ्याने बोलायचे असते: कॅप्सूल उघडून पूड वाटून देऊ नये, मात्रा चुकते आणि पेशींना घातक अशी पूड हाताला लागते, कमी क्षमतेची गोळी मागवावी किंवा द्रवरूप औषध तयार करून घ्यावे. नर्सिंगची विद्यार्थिनी विचारते की घरी औषध कोण देणार आणि त्या माणसाला हातमोजे वापरायला कोण शिकवणार. रक्तपेशींची तपासणी केव्हा करायची, हे तिघांनी मिळून ठरवायचे. प्रत्येकाजवळ दुसऱ्याला ठाऊक नसलेले काहीतरी असते, म्हणून एकमेकांविषयीचा आदर इथे आपोआप येतो. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये गटांमधील पूर्वग्रह कमी होण्यासाठी समान दर्जा, समान ध्येय, सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा या अटी मांडल्या होत्या. त्यांतली समान दर्जाची अट सर्वांत आधी मोडते. केस वैद्यक विभागाने लिहिली की ती निदानावरच संपते आणि फार्मसीवाला श्रोता उरतो. सहा-सात जणांच्या गटात फार्मसीचे किमान दोघे हवेत, एकट्याचे तोंड उघडत नाही.

कल मोजण्यासाठी पार्सेल आणि ब्लाय यांची १९९९ ची ‘रिपल्स’ प्रश्नावली बरीच वापरली जाते. तिच्यात १९ विधाने आहेत आणि प्रत्येकाला उत्तराच्या पाच पायऱ्या, १ म्हणजे पूर्ण असहमत ते ५ म्हणजे पूर्ण सहमत. इतर शाखांबरोबर शिकण्यात वेळ वाया घालवायचा नाही, अशा अर्थाच्या विधानाचे गुण उलटे धरावे लागतात: ५ चा १, ४ चा २. मराठीत उतरवताना याच वाक्यात घोळ होतो, कारण ‘नाही’ वाचून विद्यार्थी चांगल्या अर्थाने ‘सहमत’ लिहून मोकळा होतो. शिवाय सुरुवातीलाच बहुतेकांचे गुण वरच्या टोकाला असले, तर उपक्रमानंतर वाढ दिसायला जागाच राहत नाही. म्हणून प्रश्नावलीसोबत वॉर्डातील प्रत्यक्ष हस्तक्षेप मोजावेत: विद्यार्थ्याने रेसिडेंटला (निवासी डॉक्टरला) किती सूचना केल्या, किती स्वीकारल्या गेल्या, नाकारल्यास कारण काय दिले. सूचना देताना परिस्थिती, पूर्वेतिहास, आपले मत, शिफारस हा क्रम ठेवला तर ती अर्ध्या मिनिटात सांगून होते. ती तारीख-वेळेसह केस पेपरवरच लिहून घ्यावी. वेगळ्या वहीतली नोंद सिस्टर किंवा डॉक्टर यांच्यापर्यंत पोहोचत नाही.