प्रदूषित औद्योगिक जमिनीसाठी अमेरिकेतलं ईपीए अनुदान: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

बंद पडलेला कारखाना, जुना पेट्रोल पंप, ड्रायक्लीनिंगचं दुकान. जागा मोक्याची, पण मातीत काय मुरलंय या धास्तीनं कोणी हात लावत नाही. अशा जमिनीला अमेरिकेत ब्राउनफिल्ड म्हणतात. प्रदूषण सिद्ध झालेलंच हवं असं नाही, शक्यता असली तरी पुरे. २००२ च्या कायद्यानुसार तिथली पर्यावरण संरक्षण संस्था (ईपीए) अशा जागांची तपासणी आणि सफाई यांसाठी अनुदान देते.

अर्ज शहर, काउंटी, राज्य, मूलनिवासी शासन किंवा पात्र ना-नफा संस्था करू शकते. खासगी मालकाला किंवा बिल्डरला थेट अनुदान मिळत नाही.

खरी मेख खरेदीच्या तारखेत आहे. तिथल्या कायद्यानं नुसत्या मालकीमुळेही प्रदूषणाची जबाबदारी अंगावर येऊ शकते आणि जबाबदार ठरलेल्याला अनुदान नाही. म्हणून खरेदीआधी ‘फेज वन’ म्हणजे जागेच्या पूर्वेतिहासाची चौकशी करून घ्या, म्हणजे ही जबाबदारी टळू शकते. तपासनीस आगीच्या विम्यासाठी पूर्वी बनवलेले इमारतींचे नकाशे काढतो, जुन्या मालकाशी, कामगारांशी बोलतो, फरशीवरचे तेलाचे डाग आणि जमिनीतून डोकावणारी टाकीची नळी टिपतो. चौकशी खरेदीआधीच्या वर्षभरातली लागते. त्यातली पाहणी, मुलाखती आणि सरकारी नोंदींची छाननी १८० दिवसांच्या आतली. ती झाल्याशिवाय कृपा करून खरेदीखतावर सही करू नका, मागाहून केलेली चालत नाही. करथकबाकीपोटी शहराकडे आलेल्या जागांचे नियम वेगळे आहेत.

सफाई अनुदानासाठी जागा अर्जदाराच्याच नावावर हवी. माती-पाण्याच्या नमुन्यांचा ‘फेज टू’ अहवाल, राज्याच्या पर्यावरण विभागाचं पत्र आणि सफाईच्या पर्यायांचा मसुदा लागतो. अर्जाच्या किमान १४ दिवस आधी मसुदा लोकांसमोर ठेवायचा, सभा घ्यायची. सूचना, त्यांना दिलेली उत्तरं आणि सभेचं टिपण अर्जाला जोडायचं. ही सभा उरकू नका. धूळ कुठे उडेल, ट्रक कुठून जातील, हे शेजाऱ्यांनाच आधी कळतं.

अर्ज ग्रँट्स डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. त्याआधी सॅम डॉट गव्ह या दुसऱ्या सरकारी संकेतस्थळावर संस्थेची नोंदणी हवी. ती फुकट आहे, पण तिला कित्येक आठवडे लागू शकतात आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. अर्जाची घोषणा होण्याची वाट न बघता आजच सुरू करा.

एवढा व्याप झेपत नसेल, तर ईपीएच्या विभागीय कार्यालयाकडे ‘टार्गेटेड ब्राउनफिल्ड असेसमेंट’ मागा. त्यात पैसे हातात येत नाहीत. ईपीएच आपल्या खर्चानं जागा तपासून देते.