ऑटिस्टिक मुलासाठी शाळेत सोयी हव्यात? कागद कुठले, अर्ज कसा

मूल ओरडतंय, बाकाखाली जाऊन बसलंय, येऊन घेऊन जा असे शाळेतून सारखे फोन येत असतील तर तोंडी बोलणं आता बास, लेखी अर्ज द्या. दिव्यांग हक्क कायदा 2016 मधे ऑटिझम आहे आणि कलम 16 प्रमाणे सरकारमान्य शाळेनं मुलाच्या गरजेनुसार सोयी द्यायच्याच असतात, त्याला 40 टक्के दिव्यांगत्वाची अट नाही. ती अट आरटीईच्या (शिक्षण हक्क कायदा) 25% राखीव जागांवरच्या प्रवेशाला आणि 18 वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाला आहे.

तरी यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) आणि दिव्यांग सर्टिफिकेट काढूनच ठेवा. स्वावलंबन पोर्टलवर मुलाचं आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि आधीचे रिपोर्ट टाकायचे, मग सिव्हिल हॉस्पिटलला तपासणी. तिथे आयएसएए नावाची 40 मुद्द्यांची चाचणी होते, त्यात भावनिक प्रतिसादाचाही भाग असतो, आणि इथेच बरेच पालक लाजेपोटी "घरी तसा शांत असतो हो" म्हणतात. प्लीज असं नका करू, वाईट दिवस कसा जातो तेही सांगा, कारण दिव्यांगत्वाचे टक्के त्याच स्कोअरवरून ठरतात.

आता मुख्याध्यापकांच्या नावानं अर्ज. सोबत दिव्यांग सर्टिफिकेटची झेरॉक्स आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टचं (रोजची कामं जमावीत म्हणून थेरपी देणारे) पत्र. नुसतं "सहकार्य करावे" लिहिलं तर कोणी काही करत नाही, म्हणून मूल कशानं बिघडतं (घंटा, प्रार्थनेचा स्पीकर, न सांगता बदललेला तास), त्याआधी काय दिसतं (कान झाकणं, येरझाऱ्या) आणि त्या क्षणी कोणी काय करायचं हे सगळं लिहा. म्हणजे चित्रांचं वेळापत्रक, आवाज कमी करणारा हेडफोन, बोलता आलं नाही तर दाखवायला ब्रेक कार्ड, बसायला शांत जागा आणि तिथे नेणाऱ्या टीचरचं नाव. ती जागा शिक्षेची नाही हेही लिहा. हात हलवणं, डुलणं थांबवू नका हे तर ठळक लिहा, त्यानंच मूल स्वतःला सावरत असतं!

अर्जाच्या कॉपीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. यू-डायसमधे (शाळांची सरकारी ऑनलाइन नोंद) मुलाची दिव्यांग म्हणून नोंद झाली का विचारा, आणि गट साधन केंद्रातल्या (तालुक्याचं शिक्षण विभागाचं मदत केंद्र) विशेष शिक्षकांना मीटिंगला बोलवायला सांगा. उत्तर नाही आलं तर गटशिक्षणाधिकारी, तिथेही नाही झालं तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार, पोचेची कॉपी जोडून. आणि जूनमधे वर्गशिक्षक बदलले की हाच अर्ज नव्या टीचरना पुन्हा द्या, तोवर काही ट्रिगर, म्हणजे मूल ज्यानं बिघडतं त्या गोष्टी, बदललेले असतात तेही त्यात टाका.