दुकानदार बाहुला

मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात फळीमागे उभा राहून हसतमुखाने माल देणारा, तोंड उघडमीट करणारा हातबाहुला म्हणजे दुकानदार बाहुला. हातबाहुल्यासाठी याहून सोयीचा पेशा नाही. त्याला पाय नसतात; त्याला पोस्टमन केले की चालवायचे कसे, हा प्रश्न दर भागात उभा राहतो. दुकानदार जागचा हलत नाही, चालवणारे फळीआड लपतात आणि गिऱ्हाईक आपल्या पायांनी येते. १९६९ साली सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या अमेरिकी मुलांच्या कार्यक्रमात अभिनेते विल ली यांचा दुकानदार मि. हूपर हा माणूस होता आणि बाहुल्या त्याच्याकडे येत. बाहुलाच दुकानदार असला की हे नाते उलटते.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची कळसूत्री बाहुली वरून दोऱ्यांनी नाचते. हा बाहुला खालून, डोक्यावर धरलेल्या हाताने चालतो. नागपूरकरांना मोठ्या चेहऱ्याची ओळख मारबत-बडग्यांमुळे, म्हणजे पोळ्यानंतरच्या मिरवणुकीतल्या पुतळ्यांमुळे असते. तो चेहरा गर्दीत लांबून दिसावा म्हणून भडक रंगवतात. कॅमेरा हातभर अंतरावर असतो, तिथे तसा रंग भीतिदायक दिसतो.

डोके साधारण १२ मिमी जाडीच्या स्पंजचे करतात आणि वजन ३००-४०० ग्रॅमच्या आत ठेवतात. जोडताना दोन्ही कडांना चिकट (गोंद) लावून, ते बोटाला लागेनासे झाल्यावरच कडा दाबायच्या. सावलीत याला दहाएक मिनिटे पुरतात; नागपूरच्या मे महिन्यात निम्म्या वेळात चिकट सुकते आणि उशीर झाला तर जोड धरत नाही. तयार बाहुला उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. चिकट मऊ पडते आणि पहिला जबडाच सुटतो. जबडा जाड पुठ्ठ्याचा, बिजागरी कापडी. बुबुळे किंचित नाकाकडे सरकवून लावली तर बाहुला समोरच्याकडे पाहतो; अगदी मध्यावर लावली तर नजर हरवल्यासारखी होते. चेहऱ्याचा आनंदीपणा ओठांपेक्षा इथून जास्त येतो.

दुकानदाराला दोन माणसे लागतात. मुख्य कलावंत उजव्या हाताने तोंड आणि डाव्याने बाहुल्याचा डावा हात चालवतो. बाहुल्याचा उजवा हात म्हणजे मदतनिसाचा हातमोज्यातला हात. हा खर्च वाचवून सळईने हलवायचा हात लावला की संत्रे उचलता येत नाही, तागडी धरता येत नाही, आणि दुकान निर्जीव होते.

बोलताना अंगठ्याने खालचा जबडा पाडायचा. वरची चार बोटे उचलली की टाळू दिसतो आणि डोके मागे फेकले जाते. जबडा अक्षरागणिक उघडतो. प, ब, म आले की मिटलाच पाहिजे. ‘या जी, काय देऊ?’ यात तो पाचदा उघडतो. भाषा गल्लीतली हवी: नागपूरचा भाजीवाला कोथिंबीर म्हणत नाही, ‘सांबार’ म्हणतो.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे बुडणे. हात थकला की बाहुला नकळत फळीखाली सरकतो, म्हणून एक शॉट दोन-तीन मिनिटांपेक्षा लांबवू नये. दुसरी चूक दिशेची. कलावंत खाली ठेवलेल्या मॉनिटरकडे पाहून काम करतो आणि ते चित्र आरशासारखे उलटे नसते. हात उजवीकडे नेला की पडद्यावर बाहुला डावीकडे जातो. नवख्याचा हात आठवडाभर चुकतो, त्यामुळे गिऱ्हाइकाची बाजू आधीच ठरवून फळीच्या आतून खूण करावी. मागे हिरवा पडदा असेल, तर सांबाराची जुडी आणि संत्र्याची पाने चित्रातून गायब होतात. अशा वेळी पडदा निळा घ्यावा.

हिशेब मात्र खराच हवा. पन्नासची नोट घेऊन बत्तीस रुपयांचा माल दिला, तर दहाची नोट, पाचचे नाणे, दोनचे आणि एकचे, असे अठरा रुपये एकेक करून फळीवर ठेवावेत, आणि प्रत्येक नाणे पडेपर्यंत बाहुल्याने तोंड मिटून नाण्याकडेच पाहावे. घरी बसलेले मूल त्याच वेळी मोजत असते.