मॉर्मन आणि बाकीचे ख्रिस्ती: फरक नेमका कुठे पडतो?

मॉर्मन लोक ख्रिस्ती आहेत का? अमेरिकेत दारोदार फिरणाऱ्या मॉर्मन मिशनरी पोराला विचारलंत तर तो शर्टावरची काळी पट्टी दाखवेल. तिच्यावर 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असं लांबलचक नाव असतं, आणि त्यातही येशू ख्रिस्ताचं नाव सगळ्यांत ठळक. तोच प्रश्न वसईच्या फादरांना किंवा नगरच्या पाळकांना विचारा, उत्तर बहुधा 'नाही' असंच येईल. खोटं कुणीच बोलत नाही. एकाचं माप येशूवरची श्रद्धा हे आहे आणि दुसऱ्याचं माप देव म्हणजे कोण, हे. (2018 पासून या चर्चने 'मॉर्मन' हे टोपणनाव टाळायची विनंती केली आहे. इथे ते फक्त सोयीसाठी वापरतो.)

आधी लोकांच्या डोक्यात जे फरक असतात ते बाजूला काढू. बहुपत्नीत्व हा त्यातला पहिला. मॉर्मनांनी ते 1852 मध्ये उघडपणे जाहीर केलं आणि 1890 मध्ये अधिकृतपणे सोडलं. आज ते पाळणारे छोटे फुटीर गट आहेत आणि मुख्य चर्च अशांना बाहेर काढतं. दुसरा चहा-कॉफीचा. 1833 च्या एका प्रकटीकरणाचा (म्हणजे देवाकडून आलेल्या संदेशाचा) आधार घेऊन दारू, तंबाखूबरोबर चहा आणि कॉफीही वर्ज्य केली जाते. आपल्याकडे पाहुणा म्हणून आलेला मॉर्मन यजमानाची पंचाईत करणार हे खरं, पण त्यामुळे कुणी ख्रिस्ती ठरत नाही किंवा बिनख्रिस्तीही.

तिसरा घोळ 'यहोवाचे साक्षीदार' या दुसऱ्याच पंथाशी. दोघंही एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत जन्मले, दोघंही दार वाजवतात, दोघांनाही त्रैक्य, म्हणजे देव एक पण व्यक्ती तीन हे मत, मान्य नाही. साम्य इथे संपतं. साक्षीदार येशूला देवाची पहिली निर्मिती मानतात, नाताळ पाळत नाहीत, रक्त चढवून घेत नाहीत, सैन्यात जात नाहीत. मॉर्मन नाताळ दणक्यात करतात आणि रक्त किंवा सैन्य यांवर त्यांच्याकडे बंदी नाही.

खऱ्या फरकासाठी न्यूयॉर्क राज्यातल्या पालमायरा गावाकडे जावं लागतं. त्या काळी अमेरिकेच्या ईशान्य भागात धार्मिक जागृतीची लाट होती. त्याच लाटेतून 1813 मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले आणि पुढे 1831 मध्ये अहमदनगरला त्यांचं ठाणं झालं. म्हणजे आपल्याकडचा 'अमेरिकन मिशन'चा मराठी ख्रिस्ती आणि मॉर्मन यांच्या मागे काळ एकच आहे. पालमायरात मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन अशी सगळी मंडळी माणसं ओढत होती. जोसेफ स्मिथ या शेतकऱ्याच्या चौदा वर्षांच्या मुलाला प्रश्न पडला, यातलं खरं कुठलं? 1820 च्या वसंतात तो रानात प्रार्थनेला गेला. पुढे त्याने लिहून ठेवलं की पिता आणि पुत्र आपल्याला दिसले, आणि यातल्या कुठल्याच पंथात जाऊ नकोस असं सांगण्यात आलं.

सगळं वेगळेपण या उत्तरात आहे. प्रोटेस्टंट सुधारणेचा जनक ल्यूथर याने चर्चच्या वाड्याची डागडुजी काढली. स्मिथचं म्हणणं, वाडा येशूच्या प्रेषितांच्या पाठोपाठच कोसळला, तो देवानेच पुन्हा बांधायला हवा. मॉर्मनांच्या मते बाप्तिस्मा देण्याचा अधिकार पृथ्वीवरून नाहीसा झाला होता आणि तो स्मिथच्या हाती परत आला. त्यामुळे 6 एप्रिल 1830 ला स्थापन झालेलं त्यांचं चर्च स्वतःला कॅथलिकही म्हणत नाही आणि प्रोटेस्टंटही.

आता देवाकडे येऊ. 325 साली नायसियाच्या धर्मसभेने ठरवलं की पुत्र आणि पिता एकाच तत्त्वाचे आहेत. पुढच्या काही दशकांत त्यातून त्रैक्याची मांडणी पक्की झाली: देव एक, व्यक्ती तीन. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, मेथडिस्ट एकमेकांशी कितीही भांडोत, या मुद्द्यावर एका रांगेत उभे राहतात. मॉर्मन त्या रांगेत नाहीत. त्यांच्या मते पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन स्वतंत्र आहेत, एकमताने काम करणारे. 1843 च्या स्मिथच्या शिकवणीनुसार पित्याला मांसाचं आणि हाडांचं शरीर आहे, हाताला लागेल असं. एप्रिल 1844 मध्ये इलिनॉयमधल्या नॉवू गावी केलेल्या प्रवचनात तो आणखी पुढे गेला: देव स्वतः एके काळी आपल्यासारखाच होता. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 27 जूनला, जवळच्या कार्थेज गावच्या तुरुंगात जमावाने त्याला गोळ्या घालून मारलं.

कॅथलिक कानाला 'देव एके काळी आपल्यासारखाच होता' हे वाक्य सहन होण्यासारखं नाही. तिथे निर्माता आणि निर्मिती यांच्यामधली रेघ कधीच पुसत नाही. मॉर्मनांकडे देव आणि माणूस एकाच जातीचे, फरक वाढीचा. आपल्याला इथे 'नराचा नारायण' आठवणार, पण ती वाट फसवी आहे. अद्वैतात शेवटी 'मी' उरत नाही. मॉर्मन माणूस मात्र देहासकट, बायकोमुलांसकट आणि पित्याची भक्ती करतच वाढत जातो.

गंमत अशी की ज्या ग्रंथावरून यांना मॉर्मन म्हणतात, तो 1830 चा 'बुक ऑफ मॉर्मन' देवाच्या बाबतीत फारसा बंडखोर नाही. इस्राएलातून अमेरिकेत गेलेल्या लोकांची आणि त्यांना भेटलेल्या पुनरुत्थित येशूची ती कथा आहे. इतिहास आणि पुरातत्त्व तिला दुजोरा देत नाहीत, पण तिच्यातलं येशूचं चित्र त्या काळच्या प्रोटेस्टंट माणसाला पुष्कळसं ओळखीचं वाटलं असतं. दरी रुंदावली ती नंतर, स्मिथ नॉवूत असतानाच्या वर्षांत. माझ्या मते बाकीच्या पंथांना बायबलशेजारी आणखी एक पुस्तक आलं याहून जास्त हे खुपतं की पुस्तक अजून मिटलेलंच नाही. हयात असलेल्या संदेष्ट्याला नवं प्रकटीकरण मिळू शकतं. कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद नाकारणारा नियम 1978 मध्ये अशाच नव्या प्रकटीकरणाने उठला.

परलोकाचा नकाशाही निराळा आहे. स्वर्ग आणि नरक अशी सरळ विभागणी नाही. वैभवाच्या तीन पायऱ्या आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाला त्यांतल्या कुठल्या तरी पायरीवर जागा मिळते. मेलेल्यांच्या वतीने जिवंत माणसाने बाप्तिस्मा घेण्याची प्रथा इथलीच. करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या 15:29 या वचनाचा आधार ते देतात, आणि त्यापायी जगभरच्या वंशावळी गोळा करतात. याच कारणावरून 2008 मध्ये व्हॅटिकनने आपल्या धर्मप्रांतांना बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या मॉर्मनांना देऊ नका असं कळवलं.

बाप्तिस्म्याचं प्रकरण तर जवळून बघण्यासारखं आहे. मॉर्मन विधीत पाणी असतं, माणूस पूर्ण बुडवला जातो आणि शब्द असतात, 'पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने'. वरवर पाहता कमी काहीच नाही. कॅथलिक चर्च या बाबतीत उदारही आहे. प्रोटेस्टंट बाप्तिस्मा ते मानतं, अडीअडचणीला बिनख्रिस्ती माणसाने योग्य हेतूने दिलेलाही मानतं. तरी मॉर्मन बाप्तिस्मा वैध आहे का, या प्रश्नाला व्हॅटिकनने 5 जून 2001 रोजी एका शब्दात उत्तर दिलं: नाही. त्यावर सही होती कार्डिनल रात्सिंगर यांची, जे पुढे पोप बेनेडिक्ट झाले. कारण असं की शब्द तेच असले तरी ज्यांचं नाव घेतलं जातं ते तिघे वेगळे आहेत. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चनेही आदल्याच वर्षी तसंच ठरवलं होतं. अन्याय झाला म्हणावं, तर मॉर्मनही दुसऱ्या कुठल्याच चर्चचा बाप्तिस्मा धरत नाहीत. कॅथलिक असो वा बॅप्टिस्ट, आत येताना पुन्हा पाण्यात उतरावंच लागतं.

संबंध मात्र तुटलेले नाहीत. मार्च 2019 मध्ये रोममधल्या मॉर्मन मंदिराच्या समर्पणाच्या वेळी त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांना भेटले. अशी भेट त्याआधी कधी झाली नव्हती. भारताशी त्यांचा संबंधही जुना आहे. ह्यू फिंडले हा त्यांचा प्रचारक 1852 मध्येच मुंबईत उतरला होता आणि पुण्यातही फिरला, पण मागे टिकाऊ मंडळी राहिली नाही. भारतातलं पहिलं मंदिर बेंगळुरूला होणार असल्याची घोषणा 2018 मध्ये झाली.

रोजच्या जगण्यात हा वाद लग्नाच्या वेळी दारात येतो. कॅथलिक मुलीने लुथरन मुलाशी लग्न ठरवलं तर धर्मप्रांताची परवानगी पुरते. मुलगा मॉर्मन असेल तर चर्चच्या हिशेबी त्याचा बाप्तिस्माच झालेला नाही, म्हणून हिंदू किंवा मुसलमान मुलासाठी लागते तीच वेगळी सूट घ्यावी लागते. आणि उलट बाजूला, दोन मॉर्मनांचं मंदिरातलं लग्न असलं की मुलीचे कॅथलिक आईबाप आत जाऊ शकत नाहीत. आत जायचा दाखला फक्त पात्र सभासदांनाच मिळतो.